घर सोडले, करार सुटला का?

वसईच्या वाडीत वाढलेल्या आमच्या आजोबा-पणजोबांना घरभाड्याचा करार वाचण्याची वेळ सहसा आली नाही. घर वडिलोपार्जित, ओटी-पडवी सामाईक, आणि भावाभावांत वाटणी झालीच तर ती गावातील चार जाणत्यांच्या साक्षीने होत असे. आज त्याच घरांतील मुले-मुली पुण्यात, नवी मुंबईत व इतरत्र नोकरी-शिक्षणासाठी राहत आहेत. एकट्याच्या पगारात शहरातील भाडे झेपत नाही. म्हणून तिघे-चौघे मिळून एक सदनिका घेतात, एकाच करारावर सह्या करतात आणि भाडे आपसांत वाटून घेतात. घरात प्रवेश करताना सारेच आनंदात असतात. दलाल कराराची पाने भराभर उलटतो, यंत्रावर अंगठे टेकवले जातात, छायाचित्रे निघतात, आणि त्यानंतर तो करार कुणी उघडूनही पाहत नाही. तो उघडला जातो, तो त्यांतील एखाद्याला घर सोडावे लागते तेव्हा.

अशा वेळी घर सोडणाऱ्याचा एक समज असतो. “मी माझे सामान हलविले, या महिन्याचा माझा हिस्सा दिला, किल्ली मित्रांच्या हाती ठेवली, आता माझा संबंध संपला.” हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी अनेक वर्षांच्या मैत्रीत कटुता येते, कधी गावाकडील आई-वडिलांना भुर्दंडही सोसावा लागतो. घर सोडणे आणि करारातून मुक्त होणे ह्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली एका दिवसात होते. दुसरी लेखी स्वरूपात करून घ्यावी लागते. ती कशी करावी, हे महाराष्ट्रातील राहत्या घरांच्या संदर्भात आम्ही येथे सोप्या शब्दांत मांडू इच्छितो.

एक उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आपल्या धर्मग्रामातील तीन तरुणी पुण्यात नोकरी करतात. त्या सख्ख्या बहिणी नव्हेत, परंतु वयानुसार त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणू. तिघींनी मिळून एक सदनिका भाड्याने घेतली. भाडे दरमहा ३०,००० रुपये, अनामत रक्कम ९०,००० रुपये. करार १ जूनपासून ११ महिन्यांचा. पहिल्या ६ महिन्यांत कुणीही घर सोडू नये अशी अट, जिला व्यवहारात ‘लॉक-इन’ म्हणतात. त्यानंतर सोडायचे झाल्यास एक महिन्याची आगाऊ सूचना. तिघींनी अनामत प्रत्येकी ३०,००० रुपये भरली आणि भाडे प्रत्येकी १०,००० रुपये देण्याचे तोंडी ठरविले.

सप्टेंबरात मधलीला बंगळुरूला चांगली नोकरी मिळाली. १ ऑक्टोबरला तेथे रुजू व्हायचे होते. तिने मैत्रिणींचा निरोप घेतला, सप्टेंबरचे भाडे चुकते केले आणि ती निघून गेली. पुढे काय झाले ते पाहण्यापूर्वी तिने ज्या कागदावर सही केली होती, तो कागद म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे.

करार कोणता, आणि सही कुणाची?

महाराष्ट्रात राहत्या सदनिका बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ ह्या पद्धतीने दिल्या जातात. ह्यात घरमालक आपले घर ठरावीक मुदतीसाठी वापरण्याची परवानगी देतो आणि त्या बदल्यात शुल्क घेतो. बोलीभाषेत आपण त्याला भाडेच म्हणतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ ह्या कायद्यात अशा परवानगीची व्याख्या आहे. ही परवानगी ज्याला दिली त्याच्यापुरतीच असते. घेणाऱ्याने ती स्वतःच्या मर्जीने दुसऱ्याच्या हाती सोपवायची नसते. म्हणून “माझ्या जागी माझी मैत्रीण राहील” असे सांगून नवी व्यक्ती घरात आणून ठेवणे हा मार्ग कायद्याने मोकळा नाही. त्यास घरमालकाची संमती हवीच.

“अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही” असे आजही अनेकदा ऐकू येते. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचे भाडेपट्टे नोंदवावे लागतात. त्यामुळे अकरा महिन्यांची प्रथा पडली. परंतु महाराष्ट्रात ती पळवाट उरलेली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी असला पाहिजे व तो नोंदविला गेला पाहिजे, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. तिचे उल्लंघन केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास, अथवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आता ही नोंदणी आधार क्रमांक व अंगठ्याचा ठसा ह्यांच्या आधारे घरबसल्या, संगणकाद्वारेही होते.

घर सोडण्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न असा की, करारावर नाव कुणाकुणाचे आहे? तीन प्रकार संभवतात. पहिला, तिघींची नावे एकाच करारात. हा संयुक्त करार. दुसरा, सही एकीचीच, इतर दोघी केवळ राहणाऱ्या. येथे घरमालकापुढे सारी जबाबदारी एकटीवर असते, आणि इतर दोघींना त्याच्याकडे मागण्याचा अधिकारही जवळजवळ नसतो. तिसरा, प्रत्येकीचा आपापल्या खोलीपुरता स्वतंत्र करार. ह्यात एकीच्या जाण्याने दुसरीवर भार पडत नाही. मोठ्या शहरांतील मित्रमंडळींत पहिला प्रकार सर्रास आढळतो, आणि सर्वाधिक गैरसमजही त्याविषयीच आहेत.

‘संयुक्त’ म्हणजे हिश्श्यापुरते नव्हे

भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ४३ येथे महत्त्वाचे आहे. अनेकांनी मिळून एक वचन दिले असेल आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर ज्याला वचन दिले तो त्यांच्यापैकी कोणाही एकाकडून संपूर्ण वचनाची पूर्ती मागू शकतो. साध्या भाषेत, घरमालकाच्या दृष्टीने प्रत्येकी १०,००० रुपये असा हिशेब नाहीच. त्याच्या दृष्टीने ३०,००० रुपये हे एकच देणे आहे आणि ते देण्यास तिघींपैकी प्रत्येक जण पूर्णपणे बांधील आहे. दहा-दहा हजारांची वाटणी ही तिघींमधील आपसांतील व्यवस्था होय. घरमालकाला ती बंधनकारक नाही.

आता आपल्या उदाहरणाकडे वळू. मधली गेली, तरी ऑक्टोबर व नोव्हेंबर हे दोन महिने लॉक-इनमधील. घरमालकाने ३०,००० रुपये मागितले. थोरली व धाकटी यांनी प्रत्येकी १५,००० रुपये दिले. दोन महिन्यांत दोघींच्या खिशातून मिळून २०,००० रुपये जादा गेले. त्यांना वाटले, घरमालकाने अन्याय केला. वस्तुतः त्याने कराराप्रमाणेच मागणी केली होती. हे २०,००० रुपये मधलीने द्यायला हवे होते, आणि त्याच कलम ४३ ने दोघींना ते तिच्याकडून मागण्याचा अधिकारही दिला आहे. कारण संयुक्त वचन देणाऱ्यांनी एरवी समान वाटा उचलायचा असतो. मात्र मधली देऊ शकली नाही किंवा सापडलीच नाही, तर तो तोटा उरलेल्यांनी सारखा वाटून सोसावा, असेही हेच कलम सांगते.

म्हणजे घर सोडून जाणाऱ्याच्या न दिलेल्या पैशांचा भार घरमालकावर पडत नाही. तो मागे राहिलेल्या मित्रांवर पडतो. ज्यांनी आपल्याबरोबर एका ताटात जेवण केले, आजारपणात रात्र जागविली, त्यांच्याच डोक्यावर आपण नकळत ओझे ठेवून जातो. ही बाब कायद्याइतकीच सदसद्विवेकाचीही आहे.

आधी चार कलमे वाचा

सोडण्याचा विचार मनात येताच करार काढून चार गोष्टी पाहाव्यात. एक, कराराची अंतिम तारीख. दोन, लॉक-इन कधी संपते, आणि ते घरमालकालाही लागू आहे काय. तीन, आगाऊ सूचनेचा काळ किती, ती कुणी, कुणाला व कशी द्यावयाची. चार, एकट्याने बाहेर पडण्याविषयी काही लिहिले आहे काय. बहुतेक छापील करारांत चौथी गोष्ट नसतेच. सूचना द्यायची ती सर्वांनी मिळून, आणि घर सोडायचे तेही सर्वांनी मिळून, अशीच त्यांची रचना असते.

लॉक-इन मोडल्यास उरलेल्या काळाचे सारे भाडे द्यावे लागेल, असे काही करारांत लिहिलेले असते. अशा अटीने घाबरून जाऊ नये, पण तिच्याकडे दुर्लक्षही करू नये. करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारभंगासाठी जी रक्कम लिहिलेली असते, ती भरपाईची कमाल मर्यादा होय. न्यायालय तिच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देवविते. घर लगेच दुसऱ्या भाडेकरूस गेले असेल, तर घरमालकाचे नुकसान थोडे. ही वस्तुस्थिती बोलणी करताना नम्रपणे मांडता येते.

बाहेर पडण्याचे तीन सरळ मार्ग

पहिला मार्ग, सर्वांनी एकाच वेळी घर सोडणे. करारात सांगितल्याप्रमाणे लेखी सूचना द्यावी, तिची पोच घ्यावी, ठरल्या दिवशी ताबा द्यावा, अनामत परत घ्यावी. ह्यात गुंतागुंत कमी. मात्र सूचनेवर सर्वांच्या सह्या असाव्यात. एकाच्या सहीने सर्वांचा करार संपला काय, असा वाद नंतर उद्भवू नये.

दुसरा मार्ग, एकाच्या जागी नवा सहभाडेकरू आणणे. व्यवहारात हाच अधिक चालतो. येथे सर्वांत निर्धोक पद्धत अशी की, जुना करार सर्वांच्या संमतीने रद्द करावा आणि घरमालक, राहणारे व नवी व्यक्ती ह्यांच्यामध्ये नवा करार करून तो नोंदवावा. जुन्याच्या जागी नवा करार आला की जुना पाळण्याचे कारण उरत नाही, हे तत्त्व करार अधिनियमाच्या कलम ६२ मध्ये आहे. नव्या करारास मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि दलालाचे पैसे लागतात. हा खर्च कुणी करावा, हे कायदा सांगत नाही. आमच्या मते, ज्याच्या सोयीसाठी हे सारे करावे लागते, त्याने तो उचलणे न्यायाचे होय.

तिसरा मार्ग, नवी व्यक्ती न आणता उरलेल्यांनीच घर चालविणे. थोरली व धाकटी प्रत्येकी १५,००० रुपये देण्यास राजी असतील आणि घरमालकही दोघींवर समाधानी असेल, तर हे शक्य आहे. परंतु येथेही मधलीचे नाव करारातून लेखी स्वरूपात निघाले पाहिजे. दोघींनी तोंडी “तू खुशाल जा” म्हटले, म्हणून ती मुक्त होत नाही. पुढे सहा महिन्यांनी भाडे थकले, तर घरमालक बंगळुरूच्या पत्त्यावरही नोटीस पाठवू शकेल.

मुक्ती दोघांकडून घ्यावी लागते

येथे एक बारीक, परंतु फार मोलाचा मुद्दा आहे, आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. करार अधिनियमाचे कलम ४४ असे सांगते की, संयुक्त वचन देणाऱ्यांपैकी एकाला समोरच्याने मुक्त केले, तरी इतर जण मुक्त होत नाहीत. आणि ज्याला मुक्त केले, तो आपल्या सोबत्यांविषयीच्या जबाबदारीतून सुटत नाही.

ह्याचा अर्थ असा की, घरमालकाने मधलीला “तुझ्याकडे माझे काही मागणे नाही” असे लिहून दिले, तरी थोरली व धाकटी तिच्याकडे तिचा वाटा मागू शकतात. उलट दोघींनी तिला मोकळे केले आणि घरमालकाने केले नाही, तर घरमालक तिच्याकडे मागू शकतो. म्हणून मुक्तिपत्र दोन्ही बाजूंचे हवे, घरमालकाचे आणि सोबत्यांचे. एकाच कागदावर सर्वांच्या सह्या घेतल्या तर उत्तमच. मजकूर लांबलचक असण्याची गरज नाही. पुढील नमुना उपयोगी पडावा.

“आम्ही खाली सह्या करणारे, अमुक पत्त्यावरील सदनिकेच्या अमुक तारखेस नोंदविलेल्या करारातील पक्षकार, असे लिहून देतो की, अमुक व्यक्तीने अमुक तारखेस सदर सदनिकेचा आपला वापर संपविला असून त्या तारखेपर्यंतचे भाडे व बिले यांतील आपला वाटा पूर्ण चुकता केला आहे. त्या तारखेनंतरचे भाडे, बिले, नुकसान अथवा अन्य कोणत्याही देण्यासाठी घरमालक अथवा उर्वरित सहभाडेकरू ह्यांपैकी कोणीही तिच्याकडे मागणी करणार नाही. अनामत रकमेतील तिचा हिस्सा रुपये अमुक तिला मिळाला असून त्याविषयी तिची कोणतीही मागणी उरलेली नाही.”

दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि प्रत्येकाकडे एक प्रत असावी. मोबाईलवरील गटात झालेली चर्चा हे मुक्तिपत्र नव्हे. मूळ करार नोंदणीकृत असल्यामुळे त्यातील बदलही नोंदवून घेणे श्रेयस्कर. रक्कम मोठी असेल किंवा वादाची चिन्हे दिसत असतील, तर आपल्या परिचयातील वकिलाला मसुदा एकदा दाखवावा.

अनामत रकमेचा हिशेब

सर्वांत जास्त कुरबुर अनामतीवरून होते. घर सोडणारा घरमालकाला म्हणतो, “माझे तीस हजार परत द्या.” घरमालक उत्तर देतो, “घर रिकामे झाले की सर्वांना मिळून देईन.” घरमालकाचे म्हणणे येथे चुकीचे नसते. अनेकांना मिळून दिलेले वचन मागण्याचा अधिकार, करारात वेगळे नसल्यास, त्या सर्वांचा एकत्रित असतो, हे कलम ४५ चे तत्त्व आहे. अनामत सर्वांच्या नावे एकत्र ठेवली असेल, तर ती तुकड्यातुकड्याने परत करण्यास तो बांधील नसतो.

म्हणून व्यवहारात घर सोडणाऱ्याचा हिस्सा बहुधा नवी येणारी व्यक्ती देते. ह्यात पुढे अन्याय होऊ नये, म्हणून त्याच दिवशी घराची पाहणी करावी. समजा, मधली निघतेवेळी स्वयंपाकघरातील फुटलेल्या लाद्या व नादुरुस्त नळ ह्यांचा खर्च ६,००० रुपये येईल असे तिघींनी मिळून ठरविले. मधलीचा वाटा २,००० रुपये. त्या महिन्याच्या वीजबिलातील तिचे ७०० रुपये देणे आहे. नव्या तरुणीने ३०,००० रुपये आणले. त्यांतील २७,३०० रुपये मधलीला द्यावे. २,७०० रुपये दुरुस्ती व बिलासाठी थोरली-धाकटीकडे राहावे. दुरुस्ती लगेच करून घ्यावी. असे केले नाही, तर शेवटी घरमालक पूर्ण अनामतीतून रक्कम कापतो आणि जिने लादी फोडली नाही, त्या नव्या मुलीच्या पैशांतून ती भरली जाते.

घरमालक रंगकामासाठी ठरावीक रक्कम कापतो काय, हेही करारात पाहावे. तसे लिहिले असेल, तर त्या रकमेतील आपला वाटा जाणाऱ्याने आधीच धरावा. अनामत देता-घेताना रोख व्यवहार टाळावा. बँकेमार्फत दिलेल्या पैशांची नोंद आपोआप राहते.

निघण्याच्या दिवशी

सामान बांधण्याच्या गडबडीत काही गोष्टी राहून जातात. वीजमीटरवरील आकडा टिपून त्याचे छायाचित्र घ्यावे. प्रत्येक खोलीचे, न्हाणीघराचे व घरमालकाने दिलेल्या वस्तूंचे छायाचित्र घ्यावे. करारासोबत वस्तूंची यादी असेल, तर ती समोर ठेवून एकेक वस्तू मोजावी. गॅसजोडणी किंवा इंटरनेट आपल्या नावावर असेल, तर ते बंद करावे अथवा रीतसर दुसऱ्याच्या नावे करावे. अन्यथा बिले आपल्या नावावर येतच राहतील. तिघींनी मिळून फ्रीज वा धुलाईयंत्र घेतले असेल, तर त्याची आजची किंमत ठरवून हिशेब मिटवावा.

सोसायटीच्या कार्यालयास कळवावे. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्याला दिलेली असते. नवी व्यक्ती आली की तिचीही माहिती द्यावी लागते, आणि त्या निमित्ताने जाणाऱ्याची नोंदही पुसली जाते की नाही, ते पाहावे. बँक, आधार व कार्यालय येथील पत्ता बदलावा. जुन्या पत्त्यावर आलेली नोटीस आपल्या हाती पोहोचली नाही, म्हणून जबाबदारी टळत नाही. शेवटी किल्ल्या मोजून द्याव्यात आणि त्याची पोच लिहून घ्यावी.

मुदत संपल्यावर एक जण राहिला तर?

कधी उलटाही प्रसंग येतो. करार ३० एप्रिलला संपला. दोघी गेल्या, परंतु एकीला दुसरे घर मिळेना म्हणून ती तेथेच राहिली. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करू शकतो. आपल्या उदाहरणात ही रक्कम दरमहा ६०,००० रुपये होते. करार संयुक्त असल्यास ह्या मागणीची झळ निघून गेलेल्या दोघींनाही लागू शकते. म्हणून मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी सर्वांनी एकत्र बसून पुढे काय करायचे ते ठरवावे, आणि जो दिवस शेवटचा, त्या दिवशी सर्वांनी मिळून ताबा द्यावा.

घरमालक असलेल्या वाचकांस

आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी एखादी सदनिका अथवा वरचा मजला भाड्याने दिलेला आहे. त्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. तिघांतील एक जण येऊन “मी जातो, हा माझा मित्र राहील” म्हणाला, की हसून मान डोलावणे सोपे असते. परंतु त्यानंतर घरात राहणाऱ्याची सही करारावर नसते, आणि ज्याची सही असते, तो घरात नसतो. पुढे काही बिघडले, तर मागणी कुणाकडे करावी, हा पेच पडतो. नवा करार नोंदविण्याची तसदी घेणे घरमालकाच्याच हिताचे आहे, आणि कायद्याने ती जबाबदारीही त्याचीच आहे. परगावी आलेल्या तरुणांना लेखी पावती, अनामतीचा स्पष्ट हिशेब आणि मुक्तिपत्र नाकारू नये. आपलीही मुले कुणाच्या तरी घरी भाड्याने राहत आहेत, ह्याची आठवण ठेवावी.

आई-वडिलांस

मुलगी पुण्याला निघाली की आई लोणच्याची बरणी बांधते, वडील स्थानकापर्यंत सोडायला जातात. त्याच वेळी कराराची एक प्रत घरी मागून घ्यावी आणि ती एकत्र बसून वाचावी. कुणाबरोबर राहणार, करारावर कुणाची नावे, अनामत कुणी भरली, मध्येच सोडावे लागल्यास काय, हे चार प्रश्न विचारावेत. हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. सहभाडेकरूंनीही राहायला जाण्यापूर्वीच एका कागदावर आपसांतील बोली लिहून ठेवावी: कुणाचा वाटा किती, मध्येच जाणाऱ्याने किती दिवस आधी सांगायचे, नवी व्यक्ती शोधण्याची जबाबदारी कुणाची, तोवरचे भाडे कुणी द्यायचे. मैत्री घट्ट असताना हा कागद दहा मिनिटांत होतो. बिनसल्यावर तो होत नाही.

आपल्या उदाहरणातील मधलीला बंगळुरूला जायचे होतेच, आणि तिने जायलाच हवे होते. तिने कायदा तोडला नाही. तिला तो ठाऊक नव्हता. नोकरीची बातमी कळली त्याच संध्याकाळी तिने दोघींना जवळ बसवून करार उघडला असता, घरमालकाला एकत्र भेटून त्याच्या संमतीने लॉक-इनमधील दोन महिन्यांची तजवीज केली असती, आणि निघण्यापूर्वी एक कागद सर्वांच्या सह्यांनिशी पुरा केला असता, तर वीस हजारांचा प्रश्न उभाच राहिला नसता.

आमची वाचकांना इतकीच विनंती आहे की, आपल्या घरातील कुणी अशा संयुक्त करारात असेल, तर आज रात्री जेवणानंतर त्याला फोन करावा आणि एकच विचारावे, “करारावर कुणाकुणाच्या सह्या आहेत?” उत्तर न आल्यास, कराराचा कागद शोधायला सांगावे.